लग्नाआधी घेतलेला आहेर

वालूरच्या महादेवीबाईंनी गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे घराबाहेरचे एकच काम सातत्याने केले. त्या लग्नांना गेल्या. हे काम त्यांनी निवडलेले नव्हते. त्यांचे यजमान महालिंगअप्पा यांचे सेलूच्या रस्त्यावर सरकी पेंडीचे दुकान आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत शिवारातला चारा संपलेला असतो, तेव्हा पेंड, भुसा आणि मक्याचा भरडा यांना सर्वाधिक मागणी असते. लग्नसराईही नेमकी त्याच महिन्यांत येते. दुकान बंद ठेवून मांडवात जाऊन बसणे अप्पांना परवडणारे नव्हते. १९९७ साली गंगाखेडहून लग्न होऊन आलेल्या सुनेला सासूने पहिल्याच उन्हाळ्यात कामाची वाटणी सांगून टाकली, "दुकान त्याचं, मांडव तुझा."

तेव्हापासून सोयरे, गावकरी, दुकानाची कायमची गिऱ्हाइके अशा सगळ्यांच्या लग्नांना या घराच्या वतीने महादेवीबाई जात राहिल्या. आरंभीच्या वर्षांत त्या भांडी नेत. पुढे साड्या आणि टॉवेल-टोपी, मग पंखे, आणि अलीकडे पाकिटे. किती लग्ने झाली याचा त्यांनी हिशेब ठेवला नाही, परंतु कुणाला काय दिले हे त्यांना अचूक सांगता येत असे. ही स्मरणशक्ती रकमांची नव्हती, वस्तूंची होती. "त्यांच्या थोरलीला तांब्याची घागर, मधल्याला कुकर, धाकटीच्या टायमाला दुष्काळ व्हता म्हून नुसतं पातळ," अशा रीतीने एकेक घर त्यांच्या बोलण्यातून उलगडत जाई.

आहेर हे दान नव्हे, हे इथे कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. ज्या घराने दिले त्या घरात कार्य निघाले की तो परत करायचा असतो, आणि परत करताना घेतल्यापेक्षा थोडा अधिक करायचा असतो. ठरावीक मुदत नसलेली, लिखापढी नसलेली, परंतु मोडण्याची कुणाची छाती होत नाही अशी ही ठेव आहे. तिची अट एकच, ती फक्त मांडवात मिळते. घर बांधायला, आजारपणाला किंवा बी-बियाण्याला ती मागता येत नाही. महादेवीबाईंना वैजयंती ही एकच मुलगी, तीही लग्नानंतर दहा वर्षांनी झालेली. त्यामुळे या घराची अशी सगळी ठेव एका मुलीच्या एका लग्नावर साठत गेली.

वैजयंती बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिच्या जुन्या शाळेतल्या शिक्षिका सुकेशनी मॅडम यांनी तिला पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायला लावली होती. अर्थशास्त्राच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आणि शिक्षणशुल्कात चाळीस टक्के सवलतही मिळाली. सवलत धरूनही वसतिगृह, जेवण आणि अनामत मिळून पहिल्या वर्षाचा आकडा सव्वापाच लाखांवर जात होता. अर्थशास्त्राची पदवी परभणीत काही हजारांत मिळते, ही गोष्ट दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाने अप्पांना ऐकवली. अप्पांनाही ती ठाऊक होती. त्यांनी बँकेत चौकशी केली. बँक पहिल्या वर्षापुरते दोन लाख देणार होती. दुकानातून ओढून-ताणून सव्वा लाख निघणार होते. महादेवीबाईंचे दागिने चार वर्षांपूर्वी अप्पांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत गेले होते. दोन लाख कमी पडत होते आणि पंचवीस जुलैच्या आत ते भरले नाहीत तर जागा पुढच्या नावाला जाणार होती.

जूनमध्ये विद्यापीठाने प्रवेश मिळालेल्या मुलांना पालकांसह एक दिवस बोलावले. अप्पा दुकानामुळे गेले नाहीत, मायलेकी गेल्या. तिथल्या इमारती किंवा हिरवळ यांविषयी महादेवीबाईंनी परत आल्यावर काही सांगितले नाही. त्यांनी सांगितली ती एक वर्गखोली. "बावीसच खुर्च्या व्हत्या. म्या मोजल्या. अन् मास्तर पोरांना नावानं हाका मारायलते." सेलूच्या कॉलेजात वैजयंतीच्या तुकडीत एकशेवीस मुले होती आणि दोन वर्षांत एकाही प्राध्यापकाला तिचे नाव माहीत झाले नव्हते, हे त्या जाणून होत्या.

जेवणाच्या वेळी त्यांच्या शेजारी पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. महादेवीबाईंनी त्यांना सरळ विचारले, "ताई, राग मानू नका, पण तुमी एवढे पैसे कुठून भरता?" बाईंना रागही आला नाही आणि संकोचही वाटला नाही. त्या म्हणाल्या, "हिच्या लग्नासाठी म्हणून जन्मापासून दर महिन्याला थोडे गुंतवत होतो. तोच फंड मोडला. लग्न काय, साधं करू."

परतीच्या रेल्वेत मनमाड गेल्यावर महादेवीबाई मुलीला म्हणाल्या, "आपला बी फंड हाय की गं."

"कुठं?"

"सोयऱ्यांकडं."

वैजयंतीला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो व्यवहाराचा होता. "पण मग माझ्या लग्नात?"

"लग्नात कुणी काई देणार न्हाई. एकदा घेतलं की घेतलं. तवा मला म्हणायचं न्हाई, की आई, माझा मांडव कोरडा गेला."

"न्हाई म्हणणार."

"नीट इचार करून सांग."

"परभणी येईपर्यंत करते," वैजयंती म्हणाली. गाडी सेलूला पोहोचली तेव्हा आपल्याला परभणीच्या अलीकडे, इथेच उतरायचे आहे, हे दोघींच्याही लक्षात आले आणि दोघी हसल्या. तोवर उत्तर ठरलेले होते.

अप्पांना मात्र ही कल्पना मुळीच रुचली नाही. "लग्नाचा आहेर लग्नात घेत्यात. कॉलेजाचा आहेर कुठं ऐकलाय का कुणी?"

"कॉलेजाची एवढी फी तरी कुठं ऐकली व्हती?"

"अगं, लोक म्हणतील महालिंगाचं दुकान बसलं. भीक मागायलाय म्हणतील."

"भीक कामून? आपलंच दिलेलं हाय. बँकेत ठेवलेलं काढायला गेल्यावर बँकवाला भीक म्हणतो का?"

"बँकेचं येगळं. तिथं कागद दाखवता येतो. हितं तोंड दाखवावं लागतं."

अप्पांचे हे म्हणणे चुकीचे नव्हते. आयुष्यभर त्यांनी उधारी वसूल करतानासुद्धा पैसे असा शब्द उच्चारलेला नाही. "जनावरं कशी हायत?" असे ते विचारीत आणि गिऱ्हाइकाने काय ते समजून घ्यायचे असे. शेवटी आठ दिवसांनी त्यांनी संमती दिली, ती या अटीवर की तोंडी कुणाकडे काही मागायचे नाही, जे सांगायचे ते कार्डावर छापायचे. महादेवीबाईंना ही अट मान्य झाली. तेरा जुलैचा रविवार ठरला, महादेवाच्या मंदिराचा सभामंडप ठरला. वैजयंतीच्या हस्ताक्षरात मजकूर तयार झाला. उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल स्नेहभोजन, वेळ, स्थळ, आणि सर्वांत खाली महादेवीबाईंनी सांगितलेले वाक्य, 'वैजयंतीच्या विवाहप्रसंगी आपण जो आहेर करणार असाल तो याच वेळी स्वीकारण्यात येईल.'

हा कागद घेऊन अप्पा सेलूला बन्सीधर यांच्या छापखान्यात गेले. बन्सीधरनी मजकूर मोठ्याने वाचण्याची आपली नित्याची सवय पाळली. शेवटच्या वाक्यापाशी ते थांबले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अप्पा, हे तुमी लिवलं का घरातून आलंय?"

"घरातून."

"तरीच म्हणलं. तीस वर्षं झाली पत्रिका छापायलोय, असं कुणी छापलेलं बगितलं न्हाई."

बाकावर लग्नाची थकलेली बिले द्यायला आलेले दोघे बसले होते. त्यांनी माना वळवल्या. अप्पा म्हणाले, "ते खालचं काढून टाका."

"काढलं. पण मग खाली रिकामं दिसायलंय. आपलं नेहमीचं टाकू?"

"टाका."

नेहमीचे म्हणजे काय, हे अप्पांनी विचारले नाही. त्यांना ते ठाऊक होते. अलीकडे या भागातल्या निम्म्या पत्रिकांच्या तळाशी ती ओळ असते. 'कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आमचा सन्मान.' दोनशे कार्डे त्या ओळीसह छापली गेली. अप्पांनी ती घरी आणलीच नाहीत. दुकानात ठेवून, पेंड न्यायला येणाऱ्यांच्या हाती ती परस्पर गावोगाव पाठवली. घरी विचारणा झाली तेव्हा "वाटायलोय" एवढेच सांगितले.

अप्पांच्या मनात काय होते ते त्यांनी नंतर सांगितले. जवळची माणसे अशा ओळीकडे लक्ष देत नाहीत, ती ओळ म्हणजे एक रीत असते, आणि देणारे तरीही देतात, असा त्यांचा अंदाज होता. एरवी तो खरा ठरला असता. ज्या घरी भरपूर आहे असे समजले जाते तिथे ही ओळ छापली तरी पाकिटे येतातच. परंतु इथे प्रसंगच नवा होता. कॉलेजच्या जेवणाला काय न्यावे याचा कुणाला आधार नव्हता. कार्डाने तो दिला आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी गंगाखेडहून महादेवीबाईंच्या भावजय राजेश्री यांचा फोन आला.

"अक्का, तुमच्या भावानं तर एकवीस हजार काढून ठेवलते. आता कार्ड बगून म्हणायलेत, अक्काला नकोय तर कामून न्यायचे? युरियाला होतील."

"नको कोण म्हणलं?"

"तुमच्या कार्डावर छापलंय की! वाचून दाखवू?"

राजेश्रीने वाचून दाखवले. महादेवीबाईंनी "पैसे ठेव, युरिया आणू नको" एवढे सांगून फोन ठेवला आणि त्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या पोत्यांच्या थप्पीपाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एक कार्ड द्या मला."

अप्पांनी गल्ल्याखालून कार्ड काढून दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले.

"ही वळ कुणी सांगितली?"

"जागा रिकामी दिसायलती."

"जागा?"

"बन्सीधर हसला, अन् तिथं आणखी माणसं व्हती. मला सुचलं न्हाई."

महादेवीबाई आवाज चढवून बोलणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं उन्हातान्हात यष्टीनं म्या मांडव केले. कुठं पंगतीत जागा मिळाली न्हाई, कुठं पाणी मिळालं न्हाई. अन् तुमी एका वळीत सगळं सोडून दिलं. आता तुमची ती अट बी गेली. मी तोंडी मागणार."

दुपारी अप्पांनी गल्ल्यातून प्रवासखर्चाचे पाचशे रुपये घरी पाठवले, आणि त्यांचे म्हणणे काय होते ते त्यातच आले.

चार दिवसांत दोनशे घरे होणे शक्य नव्हते. महादेवीबाईंनी निवड केली, ज्या घरी तीन किंवा अधिक लग्नांना आपण गेलो ती घरे आधी. एकोणीस घरे झाली. दूरच्यांना त्यांनी फोन केले, परंतु फोनवर हे बोलणे नीट होत नाही असा त्यांचा अनुभव आला. समोरचा माणूस "बरं बरं" म्हणतो आणि त्या बरे म्हणण्याचा अर्थ कळत नाही.

पहिले घर गल्लीतलेच होते, बायनाबाईंचे. बायनाबाई सत्तरीच्या आहेत आणि त्यांना वाचता येत नाही. कार्डावर काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "बरं केलंस. आत्ताच घे बाई. तिकडं शिकायला गेलेल्या पोरी तिकडंच जमवून टाकत्यात. मांडवच पडला न्हाई तर तुझी घागर अन् कळशी सगळी बुडाली."

"मावशे, काईबी बोलू नको."

"मी कुठं काई म्हणले? मी हिशेबाचं बोलले."

बोरीच्या व्यंकटरावांकडे जायला त्यांनी मुद्दाम सकाळची वेळ निवडली. व्यंकटराव मोठे शेतकरी, गोठ्यात बारा म्हशी, आणि त्यामुळे दुकानाचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांच्या तीन मुलांच्या आणि दोन मुलींच्या लग्नांना महादेवीबाई गेल्या होत्या. व्यंकटरावांनी कार्ड खिडकीतून काढून आणले, जणू पुरावा दाखवावा तसे.

"वैनी, कार्डावर तर नको म्हणलंय."

"ते ह्यांनी छापलं, दादा. मी हो म्हणायलेय."

"म्हंजे अप्पा नको म्हणायलेत अन् तुमी हो. मी कुणाचं ऐकू?"

"मांडवात कोण येत व्हतं तुमच्याकडं?"

"तुमीच."

"मग माझं ऐका."

व्यंकटराव हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, "अन् पोरीच्या लग्नात काय देऊ?"

"अक्षता द्या. जेवून जावा. दुसरं काई आणलं तर मी घेणार न्हाई."

"लय अवघड केलं वैनी. लग्नात रिकाम्या हातानं यायचं म्हंजे माणसाला कसंतरीच व्हतं."

"आज मला रिकाम्या हातानं यायला झालंय की."

त्यांच्या सुनेने चहा आणला. महादेवीबाईंनी चहा घेतला आणि त्या पुढच्या घरी गेल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना तेच सगळे पुन्हा सांगावे लागले, आणि प्रत्येक ठिकाणी सांगण्याची रीत थोडी बदलावी लागली. एका घरी "पोरीला बाहेर ठेवणं बरं न्हाई" हा सल्ला मिळाला, एका घरी दरवाजा उघडायला उशीर झाला. एका घरातल्या बाईंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले की त्यांच्या मुलीच्या लग्नात मिळालेली महादेवीबाईंची तांब्याची कळशी त्यांनी जावयाच्या घरी न देता स्वतःकडेच ठेवून घेतली आहे, आणि ती परत न्यायची असेल तर आता न्यावी. महादेवीबाईंनी कळशी नेली नाही. कळशी विद्यापीठात चालत नव्हती.

रविवारी सभामंडपात सत्तर घरांची माणसे आली. स्वयंपाक गल्लीतल्या बायकांनीच केला. वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या आणि शिरा, त्यापलीकडे काही नाही. महादेवीबाई चुलीपाशी होत्या. दारात टेबल मांडून अप्पा बसले होते, कपाळाला विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. आहेर घेण्याचे काम घरच्या कर्त्या पुरुषाचे असते, म्हणून ते त्यांच्याकडे आले.

आणि इथे ती गोष्ट घडली जी आधी कुणालाही सुचली नव्हती. पाकीट पुढे आले की घेणाऱ्याने "अहो, कशाला, नको" म्हणायचे, देणाऱ्याने "असं कसं, असं कसं" म्हणत ते हातात कोंबायचे, दोनदा असे झाल्यावर घ्यायचे, ही या भागातली पक्की चाल आहे. पहिले पाकीट घेऊन सेलूचे एक व्यापारी आले. अप्पांनी सवयीने हात मागे घेतला आणि म्हटले, "अहो नको, कशाला." व्यापाऱ्यांनी आग्रह करायच्या ऐवजी कार्ड आठवले. "व्हय, छापलंच हाय तुमी," असे म्हणून त्यांनी पाकीट खिशात ठेवले आणि ते पंगतीकडे गेले. दुसऱ्याचेही तसेच झाले. तिसऱ्या वेळी अप्पांच्या लक्षात आले की आपण काय करीत आहोत. परंतु तोंडातून शब्द तोच निघाला, कारण त्या जागी दुसरा शब्द उच्चारण्याची त्यांना सवयच नव्हती. व्यंकटराव पाचवे होते. त्यांनी एकदा आग्रह केला. अप्पांनी दुसऱ्यांदा नको म्हटले. व्यंकटराव म्हणाले, "वैनी तर हो म्हणल्या व्हत्या," आणि तिसऱ्यांदा आग्रह करणे आपल्याला शोभत नाही असे वाटून तेही आत गेले.

सात पाकिटे अशी परत गेली. पाण्याचा जग घेऊन जाताना वैजयंतीने सातवे पाहिले. तिने जग खाली ठेवला.

"अप्पा, तुमी पंगतीत वाढायला जा. मी बसते हितं."

"तू? तुझाच आहेर अन् तूच घेणार? कुणी बगितलंय का असं?"

"न्हाई बगितलं. उठा."

अप्पा उठले. अठरा वर्षांची मुलगी आपल्याच लग्नाचा आहेर घ्यायला दारात बसली. आठवे पाकीट घेऊन आलेले वृद्ध गृहस्थ गोंधळले, त्यांनी आत नजर टाकली, कुणी मोठे दिसते का पाहिले. वैजयंतीने दोन्ही हात पुढे केले आणि म्हटले, "द्या आजोबा, मीच घेते. मीच शिकणार हाय." तिने एकदाही नको म्हटले नाही. पुढे पुढे बायका मुद्दाम तिच्याकडे वळू लागल्या, काही गंमत म्हणून, काही तिला काहीतरी सांगायचे म्हणून. राजेश्री एकवीस हजार देताना म्हणाली, "मोजून घे गं, अर्थशास्त्रवाले." बायनाबाईंनी दोनशे रुपये आणि झाकणाचा एक डबा दिला. "पैसे लग्नातले हायत. डबा लग्नातला न्हाई, तिथलं जेवण नको वाटलं तर काईतरी करून ठेवायला हाय."

रात्री आठ वाजेपर्यंत सभामंडप झाडून झाला होता. जेवणाचा खर्च वजा जाता एक लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे रुपये जमले. साडेपंचवीस हजार कमी होते. ज्या एकोणीस घरी महादेवीबाई स्वतः गेल्या होत्या, त्यांतली पंधरा घरे देऊन गेली होती. ज्यांना फक्त कार्ड मिळाले होते, त्यांतल्या बहुतेकांनी ते पाळले होते. सात पाकिटे परत गेल्याचे महादेवीबाईंना चुलीपाशीच कळले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "उरलेल्यांकडं मंगळवारपासून जाते."

सोमवारी पहाटे अप्पांनी इष्टलिंगाची पूजा आटोपली, दुकानाला कुलूप लावले आणि "येतो" म्हणून ते निघाले. जुलैतल्या सोमवारी दुकान बंद राहण्याची ती पहिलीच वेळ होती. ते जीपने बोरीला गेले. व्यंकटराव गोठ्यात होते.

"या अप्पा! पेंड संपली न्हाई आमची अजून."

"पेंडीचं न्हाई." अप्पा उभेच राहिले. व्यंकटरावांनी खाट पुढे ओढली, तरी ते बसले नाहीत. "काल तुमी पाकीट देयलते."

"व्हय."

"मी नको म्हणलो."

"दोनदा म्हणलात."

"ते द्या."

व्यंकटरावांनी विचारले, "वैनींनी पाठवलं का?"

"न्हाई. तिला म्हाईत बी न्हाई."

"अप्पा, पाकीट कुठलं आता? सकाळीच पोराला युरियाला पाठवलं, त्याच पैशानं." एवढे बोलून त्यांनी अप्पांचा चेहरा पाहिला आणि सुनेला हाक मारली, "मंजुषा, फोन आण. अप्पांच्या नंबरावर अकरा हजार टाक." सून आली. अप्पांना आपला नंबर सांगायचा होता, पण तो पाठ नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुकानाची पावती काढून त्यावरचा नंबर दाखवला.

"आता तरी बसता का?" व्यंकटराव म्हणाले.

"अजून सहा घरं हायत," अप्पा म्हणाले आणि बसले नाहीत.

संध्याकाळपर्यंत त्यांची सहा घरे झाली. दोघांनी सबबी सांगितल्या. चौघांनी दिले. एकाने तर पाकीट न फोडता तसेच ठेवले होते आणि "मला वाटलंच व्हतं तुमी येणार" असेही म्हटले, जे खरे असण्याचा संभव कमी आहे. सगळे मिळून अठ्ठावीस हजार सहाशे झाले. घरी आल्यावर अप्पांनी रोख रक्कम ओट्यावर ठेवली आणि फोन वैजयंतीच्या हातात देऊन बाकीचे बघायला सांगितले. महादेवीबाईंनी मोजले, पुन्हा मोजले आणि विचारले, "सगळ्यांकडं तुमीच मागितलं?"

"मीच."

"काय म्हणलात?"

"म्हणलो, द्या."

चोवीस जुलैला, मुदतीच्या एक दिवस आधी, सेलूच्या बँकेतून पहिल्या वर्षाची रक्कम गेली. दुसऱ्या वर्षाची सोय अर्थात झालेली नव्हती, आणि सोयऱ्यांकडे मागण्यासारखे आता फार उरलेलेही नव्हते. पावतीसोबत विद्यापीठाचे एक पत्र आले होते. दुसऱ्या वर्षापासून काही विद्यार्थ्यांना अधिक सवलत मिळू शकते, त्यासाठी पालकाने आपली परिस्थिती स्वतः लिहून अर्ज करावा, असे त्यात म्हटले होते. वैजयंतीने पत्र वाचून दाखवले आणि ते घडी घालून ठेवू लागली. अर्जाला मार्चपर्यंत वेळ होता.

"ठेवू नको," अप्पा म्हणाले. "कागद घे. मी सांगतो तसं लिव."

"आत्ताच?"

"आत्ताच. लिव, आमचं सरकी पेंडीचं दुकान हाय, अन् आम्हाला पैसे कमी पडायलेत."

वैजयंतीने ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आणि पुढचे काय म्हणून विचारले.